जोडीचा कॅमेरा



आजच्या व्याख्यानाचा विषय फळ्यावर वाचून आमच्या काही जुन्या सहकाऱ्यांनी आम्हांला रस्त्यातच अडविले आणि विचारले, "काय हो, बोनसावर बोलायचे सोडून हे कॅमेऱ्याचे खूळ कुठून काढलेत?" त्यांचा प्रश्न रास्त आहे. आमचे निम्मे आयुष्य इचलकरंजीच्या यंत्रमागांच्या खडखडाटात गेले आणि उरलेले लेबर कोर्टाच्या वऱ्हांड्यात. शाळा सातवीत सुटली. पुढे जे काही शिकलो ते वाचनालयात बसून, हाताला लागेल ते पुस्तक वाचून. कॅमेऱ्याशी आमचा संबंध एवढाच, की मोर्चात कोणी तरी आमचा फोटो काढावा आणि दुसऱ्या दिवशीच्या पत्रात तो छापून येऊ नये.

परंतु गेली काही वर्षे आमच्या युनियनच्या कचेरीत एक नव्या जातीचा कामगार येऊ लागला आहे. तो लग्नकार्यात फोटो काढतो. स्टुडिओ त्याचा नसतो, गिऱ्हाईकही त्याचे नसते. स्टुडिओचा मालक काम घेतो आणि याला दिवसाच्या रोजावर धाडतो. मात्र कॅमेरा याचा स्वतःचा असतो, आणि बहुधा हप्त्यांवर घेतलेला. आमच्या काळी माग मालकाचा होता. माग मोडला तर जॉबर येई, कामगाराचे काम बुडे, पण माग विकत घ्यायला त्याला कोणी सांगत नसे. येथे माग कामगाराच्या गळ्यातच अडकविला आहे. हा मनुष्य आज या सभागृहात दिसणार नाही. वैशाखातला मुहूर्त आहे. ज्यांच्यासाठी बोलायचे ते सगळे मांडवात आणि ऐकायला आपण! तरी ही व्याख्याने छापून निघतात, ती पावसाळ्यात त्यांच्या हाती पडतील, या भरवशावर आम्ही बोलतो.

तीन वर्षांपूर्वीची एक हकीकत सांगतो. नावे सांगत नाही. त्यात सगळ्यांचीच पोटे अडकलेली आहेत. आमचा एक पंचविशीतला सभासद एका लग्नाला गेला होता. मंगलाष्टका सुरू झाल्या, पाचवी चालू असताना त्याच्या कॅमेऱ्याचे शटर अडकले. पडद्यावर 'एरर' अशी अक्षरे उमटली. त्याने बॅटरी काढून घातली, लेन्स काढून बसविली, पुन्हा तेच. मग त्याने पिशवीतला दुसरा कॅमेरा बाहेर काढला. होय, दुसरा कॅमेरा होता. मालकाने गिऱ्हाइकाला दिलेल्या दरपत्रकात 'दोन कॅमेरे' असे लिहिलेले होते आणि त्याचे पैसेही लावलेले होते. हा दुसरा कॅमेरा मालकाने कोणाकडून तरी स्वस्तात घेतलेला, दुसऱ्याच कंपनीचा. पोराची चांगली लेन्स त्याला बसेना. त्याची स्वतःची लेन्स मंद; कार्यालयाच्या उजेडात तिला दिसेना. पोराच्या खिशात चार कार्डे होती, ती त्या कॅमेऱ्यात शिरत नव्हती; तो जुन्या जाड कार्डाचा. आत एक कार्ड होते ते भरलेले, आणि त्यावर कोणाच्या तरी मुंजीचे फोटो होते. ते पुसावेत की नाही, या विचारात त्याची काही क्षणे गेली. तेवढ्यात अंतरपाट खाली आला, हार पडले, अक्षता उडाल्या. पुढे त्या कॅमेऱ्याने अकरा फोटो काढले आणि बॅटरी संपली.

मालकाने पोराचा रोज कापला. पोरगा आमच्याकडे आला. आम्ही मालकाला बोलाविले, आणि वधूपिता न बोलावताच आला. हे गृहस्थ सायझिंग आणि मागांच्या धंद्यात जन्म काढलेले, निवृत्त जॉबर. पैशांबद्दल ते अक्षरही बोलले नाहीत. म्हणाले, "तो दुसरा कॅमेरा दाखवा." दाखविला. त्यांनी तो हातात घेतला, उलटासुलटा केला, पहिल्याशेजारी ठेवला आणि म्हणाले, "हा दुसरा कसला? हा वेगळाच आहे. असला स्पेअर आमच्या कारखान्यात आणला असता तर आणणाऱ्याला आम्ही परत दुकानात धाडला असता."

आमच्या डोक्यात त्या वाक्याने प्रकाश पडला, कारण ते माग चालविणाऱ्याचे वाक्य होते. मागावर धोट्याला टोला मारतो तो पिकर. दिवसभर टोले मारून तो झिजतो, आणि कधी फुटेल ते सांगता येत नाही. म्हणून शहाणा कामगार एक जास्तीचा पिकर जवळ बाळगी. तो पिकर कितीही भारी असो, जर आपल्या मागाच्या दांड्यावर बसत नसेल तर त्याचा उपयोग काय? कॅमेऱ्याच्या जोडबॉडीचे अगदी तसेच आहे. त्यानंतर आम्ही या पोरांकडूनच कॅमेऱ्याचे शास्त्र शिकलो, पुस्तके मागवून वाचली, आणि जे समजले ते आपल्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट कड्याची. लेन्स ज्या कड्यात फिरवून बसवितात त्याला माउंट म्हणतात, आणि बहुतेक कंपन्यांचे कडे निराळे. इतकेच काय, एकाच कंपनीचे जुने आणि नवे कडेही निराळे असू शकते. कॅननने १९८७ साली आपले एफडी कडे सोडून ईएफ कडे आणले, तेव्हा जुन्या लेन्स बाळगणारे उघड्यावर पडले. निकॉनचे एफ कडे १९५९ पासून चालत आलेले. पण २०१८ साली दोन्ही कंपन्यांनी आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांसाठी नवी कडी काढली, कॅननचे आरएफ आणि निकॉनचे झेड. जुनी लेन्स नव्या बॉडीला लावायची तर मधे अडॅप्टर घालावा लागतो. कॅननच्या ईएफ लेन्स अडॅप्टरवर फोकस बरोबर साधतात. निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरात मात्र मोटर नाही. म्हणून ज्या जुन्या एएफ-डी लेन्समध्ये स्वतःची मोटर नसते, त्यांचा फोकस हाताने फिरवावा लागतो. मंगलाष्टकांच्या वेळी हाताने फोकस फिरविणारा कारागीर आता विरळा. उलट अडॅप्टरने नवी लेन्स जुन्या बॉडीला लावता येत नाही. म्हणजे जोडीतली एक बॉडी जुनी आणि एक नवी असेल, तर लेन्स जुन्या ठेवाव्यात. त्या दोन्हीकडे चालतात. ही साधी गोष्ट दुकानदार सांगत नाही, कारण त्याला नवी लेन्सही विकायची असते.

दुसरी गोष्ट आतल्या चौकटीची. मोठ्या चौकटीचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटर, जुन्या फिल्मच्या मापाचा. त्याला फुल फ्रेम म्हणतात. स्वस्त बॉडीत तो लहान असतो. पन्नासची लेन्स निकॉनच्या लहान सेन्सरवर पंचाहत्तरसारखी वागते, कॅननच्या लहान सेन्सरवर ऐंशीसारखी. उघड्या मैदानात याने काही बिघडत नाही. दोन पावले मागे सरकले की झाले. पण कार्यालयात बोहल्यासमोर पाठीला माणसे टेकलेली असतात, मागे सरकणार कोठे? पहिली बॉडी मोठ्या चौकटीची आणि दुसरी लहान चौकटीची असेल, तर पहिली बंद पडताच फोटोग्राफर जागच्या जागी आंधळा होतो. त्याच्या हातातली लेन्स त्याच जागेवरून निम्माच मांडव दाखविते. अशी जोडी ठेवायचीच असेल तर लहान बॉडीसाठी एक रुंद लेन्स बाजूला ठेवावी. आणि कॅननच्या लहान चौकटीच्या ईएफ-एस लेन्स मोठ्या चौकटीच्या ईएफ बॉडीवर बसतच नाहीत, हेही खरेदीपूर्वी लक्षात घ्यावे.

तिसरी बॅटरी आणि कार्ड. आमच्या मते पोरे येथे सर्वांत जास्त फसतात, कारण ही गोष्ट जाहिरातीत खाली बारीक अक्षरांत असते. निकॉनची ईएन-ईएल १५ या घराण्यातली बॅटरी २०१० च्या डी ७००० पासून डी ७५० आणि डी ८५० पर्यंत आणि पुढे झेड मालिकेतल्या कित्येक बॉडींत चालत आली; तिच्या पोटजाती निघाल्या, पण आकार तोच राहिला. कॅननच्या एलपी-ई ६ चेही तसेच. आता पाहा, कॅननने २०२३ साली आर ८ काढला. आतला सेन्सर आर ६ मार्क २ सारखा, वजन कमी, दामही कमी. जोडीला हाच घ्यावा असे कोणालाही वाटेल. पण त्याची बॅटरी निराळी, लहान, एलपी-ई १७. आणि कार्डाचे घर एकच, तर थोरल्या भावाला दोन. म्हणजे चार्जर दुसरा, बॅटऱ्या दुसऱ्या, आणि ज्या घडीला दुसरी बॉडी उपयोगी पडायची त्याच घडीला एका कार्डावर सगळा भरवसा. याउलट निकॉनचा २०२० चा झेड ५ घ्या. त्याचे रूप साधे, वेग बेताचा, पण बॅटरी झेड ६ मार्क २ च्याच घराण्यातली आणि एसडी कार्डाची घरे दोन. आम्ही कोणत्याही कंपनीचे दलाल नव्हे. दुसऱ्या वर्षी उलटेही घडेल. सांगायचे एवढेच, की वेगाचे आकडे पाहण्यापूर्वी बॅटरीचे दार उघडून पाहावे.

दोन घरांचे महत्त्व आम्हांला एका पोराने समजावून दिले. एकाच वेळी दोन्ही कार्डांवर तोच फोटो लिहिला जातो. एक कार्ड मेले तरी दुसरे राहते. निकॉनच्या डी ७२०० ला दोन घरे होती; २०१७ साली त्याच्या जागी आलेल्या डी ७५०० ला एकच. २०१८ च्या झेड ६ लाही एकच होते, कॅननच्या ईओएस आर लाही एकच. लग्नाचे फोटो काढणाऱ्यांनी कुरकुर केली, आणि २०२० च्या झेड ६ मार्क २ मध्ये आणि कॅननच्या आर ६ मध्ये दोन घरे आली. यातले किती त्या कुरकुरीमुळे घडले हे कंपन्याच जाणोत. आम्ही युनियनवाले असल्यामुळे आम्हांला तिचा वास येतो, एवढेच!

आता कोणी म्हणेल, सगळेच सारखे असावे तर मग तीच बॉडी पुन्हा घ्यावी. परवडत असेल तर तेच उत्तम. सारखी बटणे, सारखे रंग, हाताला नवे काही शिकावे लागत नाही. घाईत बोटे डोक्याला विचारीत नाहीत. मात्र एका बाबतीत जोड सारखी असू नये: झिजेच्या बाबतीत. शटर किती वेळा उघडझाप केल्यावर टिकते याची चाचणी घेऊन कंपन्या आकडा जाहीर करतात. कॅनन ६डी मार्क २ चा १ लाख, निकॉन डी ७५० आणि कॅनन ५डी मार्क ४ यांचा दीड लाख, निकॉन डी ८५० चा २ लाख. हा काही आयुष्याचा करार नव्हे. एखादे अर्ध्यावर मरते, एखादे दुप्पट जगते. पण हिशेब करून पाहा. एका लग्नात ३ हजार फोटो निघाले तर ५० लग्नांत दीड लाख झाले. आमच्याकडचा कामाचा पोरगा दोन-तीन हंगामांत तेथे पोहोचतो. दोन्ही बॉडी एकाच दिवशी घेऊन सारख्याच वापरल्या तर दोन्ही एकदमच म्हाताऱ्या होतील. म्हणून जुनी घेतली तरी चालेल, पण तिची उघडझाप कमी झालेली असावी. निकॉनच्या फोटोच्या फायलीतच हा आकडा दडलेला असतो, तो वाचता येतो. कॅननच्या कित्येक बॉडींत तो इतका सहज सापडत नाही; तेव्हा विकणारा 'घरगुती वापर' म्हणाला तर हसून सोडून द्यावे आणि रबर, कडे, बटणांची झीज बघावी. लेन्सचे तोंड सोळावर बारीक करून आभाळाचा फोटो काढला की सेन्सरवरचे डाग दिसतात. बिल मागावे. बिल नसलेली बॉडी चोरीचीही असू शकते, आणि मग लग्नाच्या मांडवातून पोलीस चौकीत जाण्याचा प्रसंग येतो.

जुन्या लोकांनी हा विचार केला नव्हता असे नाही. १९८० साली निकॉनचा एफ ३ निघाला. त्याचे शटर विजेवर चालणारे. बॅटरी गेली तर यांत्रिक वेग एकच उरे, एक साठांश सेकंदाचा. दोन वर्षांनी एफएम २ आला. तो स्वस्त, पण त्याचे शटर पूर्ण यांत्रिक; बॅटरी फक्त प्रकाश मोजायला, ती नसली तरी सगळे वेग शाबूत. एफ ३ बाळगणारे कित्येक जण जोडीला एफएम २ ठेवीत. कडे तेच, लेन्स त्याच, पण पहिला ज्या कारणाने पडेल त्या कारणाने दुसरा पडणार नाही. आमच्या वाचनात जोडीचा याहून चांगला नमुना आलेला नाही. युद्धाचे फोटो काढणारा रॉबर्ट कापा १९४४ च्या जूनमध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरला तेव्हा त्याच्याजवळ कॉन्टॅक्सचे दोन कॅमेरे होते. गोळ्यांच्या पावसात फिल्म बदलायला उसंत कोठली? १९५४ साली इंडोचायनात सुरुंगावर पाय पडून तो मेला, त्या दिवशीही त्याच्याजवळ दोन होते: एकात काळीपांढरी फिल्म, एकात रंगीत. दोन्ही त्याच्या अंगावर होते. पेटीत ठेवून कोणी युद्धावर जात नाही.

म्हणूनच आम्ही पोरांना सांगतो, जोडबॉडी पिशवीत ठेवू नका. दोन्ही खांद्यांवर दोन अडकवा, एकीवर २४-७० आणि दुसरीवर ७०-२००. लेन्स बदलण्यात वेळ जात नाही, सेन्सरवर धूळ पडत नाही, आणि दुसरीची बॅटरी मेली आहे का हे मुहूर्ताच्या आधीच कळते. सकाळी दोन्हींची घड्याळे मिनिटासकट जुळवून घ्यावीत. नाही तर अल्बम लावताना सप्तपदी आधी आणि अंतरपाट नंतर असे चमत्कार होतात. असा अल्बम आम्ही डोळ्यांनी पाहिला आहे. वधूवर त्यात आधी जेवले आणि मग लग्नाला उभे राहिले!

आणखी एक कारण आहे, ते दुरुस्तीचे. शेजारच्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी शंभर वर्षांपूर्वी सिनेमाचा कॅमेरा स्वतः तयार केला. ज्याने केला त्याला तो मोडल्यावर कोणाच्या दाराशी जावे लागत नव्हते. फिल्मच्या कॅमेऱ्यांच्या काळातही गावोगाव एखादा घड्याळजी असे, तो शटर उघडून स्प्रिंग बदली. आजची बॉडी पुण्या-मुंबईला धाडावी लागते आणि हंगामात ती पंधरा-पंधरा दिवस परत येत नाही. तेवढ्या दिवसांत चार मुहूर्त निघून जातात आणि हप्ता मात्र थांबत नाही. त्या क्षणी मांडवात हशा होऊ नये म्हणून जोड लागतेच; पण तिच्यावर खरी चूल पेटते ती या पंधरा दिवसांत.

मग प्रश्न उरतो, जोड घ्यायची कोणी? आमचे मत असे, की दरपत्रकात 'दोन कॅमेरे' लिहून जो पैसे घेतो त्याने. आणि ती कामगाराच्या कड्याची, बॅटरीची असावी. त्या भांडणात पोराचा कापलेला रोज मालकाने परत केला. पण बॉडी घेऊन देण्याची गोष्ट काढताच ते म्हणाले, "उद्या तो माझी बॉडी घेऊन दुसऱ्या स्टुडिओत कामाला गेला तर?" हा आक्षेप अगदी पोकळ नाही. म्हणून आम्ही मालकांशी बोलणी चालू ठेवली आणि तोवर सभासदांच्या वर्गणीतून दोन बॉडी घेतल्या. चौदा सभासद; नऊ एका कड्याचे, पाच दुसऱ्या. कोणती घ्यावी यावरून कचेरीत जे रण माजले, तसे बोनसावरूनही माजले नव्हते. शेवटी प्रत्येक कड्याची एक, दोन्ही वापरलेल्या, दोन्हींना कार्डांची दोन घरे.

त्यावर नवा पेच आला. मुहूर्त सर्वांना एकच असतो. गेल्या वैशाखात एका दिवशी नऊ जणांच्या कड्याच्या बॉडीला चार मागण्या आल्या. प्रथम चिठ्ठ्या टाकल्या. ज्याला मिळाली त्याचा कॅमेरा नवाकोरा होता, आणि ज्याला नाही मिळाली त्याचे शटर १ लाख ७० हजारांवर गेलेले. त्याने आरडाओरडा केला आणि त्याचे बरोबर होते. आता दर महिन्याच्या पहिल्या तारखेला प्रत्येकाने आपल्या शटरचा आकडा वहीत लिहायचा, ज्याचा जास्त त्याला आधी, असा नियम केला आहे. पाच जणांच्या कड्यावाल्यांचा आकडा फायलीतून वाचता येत नाही, म्हणून त्यांच्यात अजून वाद आहेत. आम्ही त्यात पडत नाही. ते आपसांत मिटवितात, आणि मिटले नाही तर चिठ्ठी आहेच. हंगाम नसताना दोन्ही बॉडी सिलिकाच्या पुड्या घालून बंद डब्यात असतात, आणि दर पंधरवड्याला कोणी तरी त्या बाहेर काढून वापरायच्या असतात, नाही तर पावसाळ्यात बुरशी धरते. या कामाची पाळी आहे, आणि पाळी चुकविणारेही आहेत.

कचेरी सकाळी दहाला उघडते, पण फोटोग्राफर पहाटे पाचला हळद, देवक यांसाठी निघतो. म्हणून कपाटाची किल्ली आम्ही खालच्या चहावाल्याकडे ठेवली आहे. तो साडेचारला दुकान उघडतो. त्याला कॅमेऱ्यातले काही कळत नाही; पण वहीवर सही झाल्याखेरीज आणि बॅटरी भरलेली आहे हे समोर चालवून दाखविल्याखेरीज तो कपाटातली बॉडी बाहेर जाऊ देत नाही. परवा एकाला त्याने वीस मिनिटे बसवून ठेवले आणि चहाचे पैसेही घेतले.